हृदयाला जोर नको, उसंत हवी

इकोच्या रिपोर्टवर ‘इएफ ३० टक्के’ असा आकडा आला की घरातल्यांच्या तोंडी एकच वाक्य येते, पंपिंग कमी झाले आहे. त्यामागोमागचा प्रश्नही ठरलेला असतो: पंपिंग वाढवणारे एखादे औषध नाही का? प्रश्न रास्त आहे. स्नायू दुबळा झाला असेल तर त्याला बळ द्यावे, एवढी साधी समजूत त्यामागे आहे आणि ती केवळ नातेवाइकांची नव्हती. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत जगभरातले बहुतेक हृदयरोगतज्ज्ञही तसेच मानत आले. गेल्या पन्नास वर्षांत हृदयाच्या स्नायूवर जे संशोधन झाले त्याने ही समजूत मुळापासून हलवली. हार्ट फेल्युअरमध्ये हृदयाचा जोर कमी पडतो हे खरे. पण आजार बळावतो आणि माणूस दगावतो त्यात मोठा वाटा असतो तो त्या दुबळ्या हृदयाला शरीर सतत ढोसत राहते याचा. ज्या औषधांनी रुग्णांचे आयुष्य वाढले ती हृदयाला जोर देणारी नाहीत, त्याच्यावरचा ताण उतरवणारी आहेत. हे उमगले नाही तर रुग्ण योग्य गोळी चुकीच्या समजुतीने बंद करतो, म्हणून ते जरा सविस्तर सांगायला हवे.

आधी एक गल्लत दूर करू. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी धमनी अचानक बंद होऊन स्नायूचा काही भाग मरणे. ही काही तासांत घडणारी घटना आहे. हार्ट फेल्युअर ही त्यानंतर, किंवा अटॅक न येताही उद्भवणारी, वर्षानुवर्षे चालणारी अवस्था आहे. हृदय चालू असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलणे त्याला जड जाते. मग जिना चढताना दम लागतो, रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो म्हणून दोन-तीन उशा रचून झोपावे लागते, संध्याकाळपर्यंत पावलांवर सूज येते आणि अंगठ्याने दाबले तर तिथे खड्डा पडून राहतो. जुना हार्ट अटॅक, दुर्लक्षित रक्तदाब, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप, दारू, विषाणूचा संसर्ग, कॅन्सरवरची काही औषधे, जनुकीय दोष अशी कारणे अनेक. आणि इएफ १०० टक्के कोणाचाच नसतो. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडते ते हा आकडा सांगतो. धडधाकट माणसातही तो साधारण ५५ ते ७० असतो. ३० हा आकडा गंभीरच आहे, पण हृदय तीस टक्केच उरले असा त्याचा अर्थ नव्हे.

आता त्या स्नायूकडे जवळून पाहू. ३०० ग्रॅमच्या आसपास वजनाचे हे इंद्रिय दिवसाला सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते आणि आपण स्वस्थ बसलेलो असतानाही मिनिटाला ५ लिटरच्या घरात रक्त फिरवते. त्याच्या प्रत्येक पेशीत सुमारे दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढ्या लांबीचे एकक पुन्हा पुन्हा आलेले असते. त्याला सार्कोमिअर म्हणतात. त्यात अ‍ॅक्टिनचे बारीक आणि मायोसिनचे जाड तंतू एकमेकांत शिरलेले असतात. स्नायू आखडतो तेव्हा हे तंतू स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हा शोध २२ मे १९५४ च्या ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र शोधनिबंधांतून जाहीर झाला. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. या दोन हक्सलींचे आपसात काही नाते नव्हते. मायोसिनच्या टोकाचा भाग अ‍ॅक्टिनला पकडतो, वाकतो, सोडतो आणि पुढच्या जागी पुन्हा पकडतो. अशा प्रत्येक फेरीला एटीपी या ऊर्जेच्या रेणूची किंमत मोजावी लागते, आणि सबंध हृदयाचा हा खर्च दिवसाला काही किलो एटीपीचा आहे. अर्थात तेच रेणू पुन्हा पुन्हा भरून घेऊन.

ही पकड सुरू कधी करायची ते ठरवते कॅल्शियम. हे कळले त्याची हकिकत मोठी वेधक आहे. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय काढून मिठाच्या द्रावणात धडधडते ठेवण्याचे प्रयोग करत होते. १८८२ मध्ये त्यांनी जाहीर केले की साधे क्षारद्रावण त्याला पुरते. पुढे त्यांच्या लक्षात आले की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात न करता लंडनच्या नळाच्या पाण्यात केले गेले होते आणि त्या पाण्यात कॅल्शियम होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय बंद पडू लागले, किंचित कॅल्शियम घालताच पुन्हा चालू झाले. १८८३ मध्ये रिंगर यांनी आपलेच म्हणणे दुरुस्त करून छापले. सलाइनच्या बाटलीवर ‘रिंगर्स लॅक्टेट’ असे नाव आजही दिसते ते याच रिंगर यांचे.

कॅल्शियमचे काम फक्त आकुंचनापुरते नाही. ठोका पडताना पेशीतल्या साठ्यातून ते बाहेर येते आणि ठोका संपल्यावर ते पुन्हा आत ओढून घ्यावे लागते. त्याशिवाय स्नायू सैल पडत नाही आणि कप्पा रक्ताने भरत नाही. हे आत ओढण्याचे काम सर्का नावाचे प्रथिन करते आणि त्यालाही ऊर्जा लागते. हृदयाला विसावा घेण्यासाठीसुद्धा इंधन जाळावे लागते. निकामी होत चाललेल्या हृदयात सर्काचे काम मंदावते, साठा पुरेसा भरत नाही, म्हणून पुढचा ठोका कमजोर पडतो, आणि पेशीत रेंगाळणारे कॅल्शियम अवेळी ठोक्यांना निमित्त देते. जोर वाढवणारी जुनी औषधे नेमकी इथेच हात घालतात. ती पेशीतले कॅल्शियम वाढवतात. आकुंचन जोरात होते, पण इंधनाचा खर्च वाढतो आणि ठोक्यांची लय बिघडण्याचा धोकाही वाढतो. आधीच इंधनाची टंचाई असलेल्या पेशीला हा सौदा महागात पडतो.

औषधाच्या आधीपासून हाच सौदा आपले शरीर करत असते, आणि माझ्या मते हार्ट फेल्युअर समजून घेण्यातला हा सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे. हृदयातून पुढे जाणारे रक्त कमी झाले की मूत्रपिंडे आणि मोठ्या धमन्यांतली दाब ओळखणारी केंद्रे सावध होतात. रक्त कशामुळे कमी येते आहे हे त्यांना कळत नाही. आपली शरीरे घडली ती जखमा, रक्तस्राव आणि तहान यांच्या संकटांत. म्हणून दाब उतरला की शरीर एकच अर्थ लावते: रक्त सांडले आहे, उरलेले वाचवा. मग अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन स्रवते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रेनिन-अँजिओटेन्सिनची साखळी सुरू होते, मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. जखमी माणसाला हे काही तास जगवते. हृदयाच्या रुग्णात मात्र ते महिनोन्‌महिने थांबतच नाही. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलायचे, साठलेल्या पाण्याचे ओझे वाहायचे, तेही वाढलेल्या वेगाने. कप्पा फुगत जातो, आणि कप्प्याची त्रिज्या वाढली की तेवढाच दाब निर्माण करण्यासाठी भिंतीवर पडणारा ताण वाढतो. त्या ताणाने पेशी मरतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊती भरते, कप्पा आणखी फुगतो. सुरुवात कोणत्याही कारणाने झालेली असो, पुढे आजाराला आजारच पोसतो.

हे चित्र आज सरळ वाटते. १९७५ मध्ये ते तसे नव्हते. त्या वर्षी स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये केवळ सात रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सातही जणांचे हृदय फुगलेले, पंपिंग खालावलेले, आणि विश्रांतीतही ठोके जलद. अशा रुग्णांना बीटा-ब्लॉकर द्यायचे नाहीत हा तेव्हाचा पक्का नियम होता, कारण ही औषधे अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम अडवतात, ठोके मंदावतात आणि सुरुवातीला आकुंचनाचा जोरही कमी करतात. ज्या हृदयाला जोर नाही त्याचा उरलासुरला आधार काढून घेणे ही कोणालाही चूकच वाटली असती. गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी ती औषधे दिली, आणि काही महिन्यांत रुग्णांचा दम कमी झाला, हृदयाचे काम सुधारले. वैद्यकविश्वाने यावर विश्वास ठेवला नाही. सात रुग्ण, तुलनेला समांतर गट नाही, हा आक्षेप खोटाही नव्हता. पण पुढची जवळजवळ वीस वर्षे या दिशेने मोठी चाचणी झाली नाही, याचे कारण पुराव्याच्या कमतरतेइतकेच डोक्यात बसलेल्या चित्रातही होते.

त्याच काळात दुसऱ्या बाजूला जोर वाढवणाऱ्या गोळ्या तयार होत होत्या. त्यांतली मिलरिनोन सर्वांत आशादायक मानली गेली. ती शिरेतून दिली की हृदय जोमाने आकुंचन पावताना प्रत्यक्ष दिसायचे. तीच गोळीच्या रूपाने दीर्घकाळ दिली तर? ‘प्रॉमिस’ नावाच्या चाचणीत गंभीर हार्ट फेल्युअरचे १,०८८ रुग्ण घेतले, साधारण निम्म्यांना मिलरिनोन दिली, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. १९९१ मध्ये निष्कर्ष आले: मिलरिनोन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त. नांगराला जुंपलेला बैल दमून बसला आणि त्याला पराणी टोचली तर तो उठतो, चार फेऱ्या ओढतोही. त्याच्या अंगात बळ मात्र आलेले नसते. मिलरिनोनने हेच केले होते, आणि जोर वाढवणाऱ्या इतर गोळ्यांचा दीर्घकाळचा अनुभवही फारसा वेगळा निघाला नाही.

स्नायूच्या पातळीवर याचे कारण तोवर सापडू लागले होते. हृदय प्रत्यारोपणाने इथे अनपेक्षित मदत केली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, केपटाउनच्या पहिल्या प्रत्यारोपणाला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, अशी शस्त्रक्रिया केली होती. रुग्ण काही तासच जगला. पुढे तंत्र सुधारले आणि काही केंद्रांत प्रत्यारोपणे नियमित होऊ लागली, तेव्हा रुग्णाच्या छातीतून काढलेले निकामी हृदय प्रयोगशाळेत तपासायला मिळू लागले. मायकेल ब्रिस्टो यांनी अशा स्नायूची निरोगी स्नायूशी तुलना केली आणि १९८२ मध्ये दाखवले की अ‍ॅड्रिनलिनचा संदेश घेणारे बीटा रिसेप्टर निकामी हृदयात निम्म्याच्या आसपास उरलेले असतात. सतत येणाऱ्या हुकमांपासून स्वतःला वाचवण्यासाठी पेशीने आपले कानच झाकून घेतले होते. दोन वर्षांनी जे कोन आणि सहकाऱ्यांनी १०६ रुग्णांच्या रक्तातले नॉरअ‍ॅड्रिनलिन मोजले. ज्यांच्यात ते जास्त, ते लवकर दगावले. बॉस्टनमध्ये मार्क आणि जॅनिस फेफर उंदरांवर काम करत होते. हार्ट अटॅक घडवलेल्या उंदरांना अँजिओटेन्सिनची साखळी तोडणारे कॅप्टोप्रिल दिले तर कप्पा फुगणे कमी होते आणि उंदीर जास्त जगतात, असे त्यांना दिसले. हेच पुढे माणसांत तपासले गेले. १९९२ च्या ‘सेव्ह’ चाचणीत २,२३१ रुग्ण होते आणि मृत्यू १९ टक्क्यांनी घटले.

चाचण्यांचा हा प्रवाह तोवर वेगाने वाहू लागला होता. त्याची सुरुवात १९८७ च्या स्कॅन्डिनेव्हियातल्या ‘कन्सेन्सस’ चाचणीपासून. अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेतले २५३ रुग्ण. सहा महिन्यांत साध्या उपचारांवर ४४ टक्के दगावले, एनालाप्रिल घेणाऱ्यांत २६ टक्के. केरळात जन्मलेले डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखालच्या ‘सॉल्व्ह्ड’ने १९९१ मध्ये हाच फायदा मध्यम आजाराच्या २,५६९ रुग्णांत दाखवला. १९९९ हे वर्ष तर वागस्टीन यांच्या सात रुग्णांना न्याय देणारे ठरले: बिसोप्रोलॉलच्या ‘सिबिस-२’ आणि मेटोप्रोलॉलच्या ‘मेरिट-एचएफ’ या दोन्ही चाचण्यांत मिळून साडेसहा हजारांवर रुग्ण होते आणि दोन्हींत मृत्यूचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झाले. ज्या औषधाला बंदी होती तेच आयुष्य वाढवणारे निघाले. त्याच वर्षी स्पिरोनोलॅक्टोन या जुन्या, स्वस्त गोळीने गंभीर रुग्णांतले मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. पुढे २०१४ मध्ये सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन आणि २०१९ मध्ये मुळात मधुमेहासाठी आलेले डापाग्लिफ्लोझिन यांची भर पडली. यांतले एकही औषध हृदयाला ढोसत नाही. कोणी अ‍ॅड्रिनलिन अडवते, कोणी आवळलेल्या वाहिन्या सैल करते, कोणी मीठ-पाणी बाहेर काढते. डापाग्लिफ्लोझिनचा फायदा नेमका कोणत्या वाटेने होतो यावर अजून वाद आहे, पण तो मधुमेह नसलेल्यांनाही होतो यावर नाही. आणि नवल असे की यांतल्या अनेकांनी, विशेषतः बीटा-ब्लॉकरने, काही महिन्यांत इएफचा आकडाही वर जातो. जोर मागून मिळाला नाही, तो ताण उतरल्यावर आला.

यावर काही आक्षेप येतात, आणि ते वजनदार आहेत. पहिला आयसीयूतला. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला तिथे डोब्युटामाइन, नॉरअ‍ॅड्रिनलिन देतातच. मग हे चूक का? अजिबात नाही. मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्तच पोहोचत नसेल तर पुढची काही तासांची लढाई जिंकणे पहिले. तिथे ही औषधे अपरिहार्य असतात. फरक मुदतीचा आहे. काही तास किंवा दिवस तग धरण्यासाठी जे योग्य ते वर्षभर चालू ठेवले तर घातक. दुसरा आक्षेप डिगॉक्सिनचा. फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीचा उपयोग विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये लिहून ठेवला तेव्हापासून हे घराणे वापरात आहे आणि ते आकुंचनाचा जोर वाढवते. १९९७ मध्ये ६,८०० रुग्णांवरच्या चाचणीत त्याने मृत्यू वाढवले नाहीत आणि घटवलेही नाहीत; रुग्णालयात भरती होण्याची वेळ मात्र कमी आली. अल्प मात्रेत डिगॉक्सिन अ‍ॅड्रिनलिनच्या यंत्रणेलाही शांत करते, हे लक्षात घेतले तर हा निकाल फारसा कोड्याचा राहत नाही.

तिसरा आक्षेप अधिक नेमका आहे: दोष जोराचा नसून कॅल्शियमच्या वाटेचा असेल, तर कॅल्शियम न वाढवता जोर वाढवून पाहावा. तसे औषधही तयार झाले. ओमेकॅम्टिव्ह मेकार्बिल थेट मायोसिनला धरून आकुंचनाचा काळ लांबवते. ८,२०० हून अधिक रुग्णांच्या ‘गॅलॅक्टिक-एचएफ’ चाचणीत, मृत्यू आणि आजार बळावणे दोन्ही मिळून पाहिले तर जोखीम ८ टक्क्यांनी घटली. केवळ हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंत फरक पडला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये त्याला मंजुरी नाकारली. म्हणजे जोर वाढवणे प्रत्येक वेळी मारकच ठरते असे म्हणता येत नाही, आणि माझा युक्तिवाद तेवढ्यापुरता मर्यादित करायला मी तयार आहे. पण ताण उतरवण्याने जे साधले त्याच्या जवळपासही हा मार्ग अजून पोहोचलेला नाही. उलट काही जनुकीय आजारांत, जिथे मायोसिन गरजेपेक्षा जास्त काम करते आणि हृदयाची भिंत जाड होते, तिथे आकुंचन कमी करणारे मॅव्हाकॅम्टेन उपयोगी पडते. २०२२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

आणि मेलेल्या स्नायूच्या जागी नवा का उगवत नाही? वातावरणातल्या अणुचाचण्यांमुळे वाढलेल्या कार्बन-१४ च्या आधारे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हृदयपेशींचे वय काढले. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंच्याहत्तरीत ०.४५ टक्के. म्हणजे बहुतेक पेशी जन्मभर त्याच. मूलपेशी टोचून हृदय दुरुस्त करण्याच्या दाव्यांनी मध्यंतरी मोठी आशा लावली होती. पण त्या क्षेत्रातल्या एका गाजलेल्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत अशी शिफारस २०१८ मध्ये हार्वर्डने केली. संशोधन थांबलेले नाही, थांबूही नये. मात्र आज पैसे घेऊन हृदयासाठी मूलपेशींचे इंजेक्शन देऊ करणाऱ्याकडे जाऊ नये, असे स्पष्ट सांगितले पाहिजे.

मेलेली पेशी परत येत नाही, पण निकामी हृदयातल्या सगळ्या पेशी मेलेल्या नसतात. पुष्कळशा नुसत्या पिचलेल्या असतात. याचा सर्वांत बोलका पुरावा इंग्लंडच्या हेअरफील्डमधून आला. तिथे मग्दी याकूब यांच्या चमूने कप्प्याचे काम करणारा यांत्रिक पंप बसवून हृदयाला जवळजवळ पूर्ण उसंत दिली आणि सोबत औषधे चालू ठेवली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १५ निवडक रुग्णांपैकी ११ जणांचे हृदय इतके सुधारले की पंप काढून टाकता आला. हे सर्वांच्या बाबतीत घडत नाही. हार्ट अटॅकने मोठा व्रण पडलेल्या हृदयात तर क्वचितच. तरी तत्त्व सिद्ध झाले. त्याची दुसरी बाजू २०१९ च्या लंडनमधल्या ‘ट्रेड-एचएफ’ चाचणीने दाखवली, आणि ती प्रत्येक रुग्णाने ऐकावी अशी आहे. फुगलेले हृदय औषधांनी पूर्ववत झालेले, लक्षणे गेलेली, इएफ सुधारलेला, अशा ५१ जणांपैकी निम्म्यांची औषधे टप्प्याटप्प्याने बंद केली. सहा महिन्यांत त्यांच्यापैकी ४४ टक्के लोकांचा आजार उलटला. औषधे चालू ठेवलेल्यांत एकाचाही नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळ्या सोडणे किती महागात पडते ते याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

माझ्या म्हणण्याला एक खरी मर्यादा आहे. हार्ट फेल्युअरच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांचा इएफ चांगला असतो. त्यांचे हृदय आकुंचन नीट पावते, पण सैल पडत नाही. कप्पा ताठर, भरायला अवघड. वय, स्थूलपणा, मधुमेह, रक्तदाब यांच्याशी त्याचा जवळचा संबंध. वर सांगितलेल्या जुन्या औषधांचा या गटाला तितका निर्विवाद फायदा झाला नाही. २०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने इथे पहिला ठोस फरक दाखवला. तेव्हा ‘इएफ चांगला आहे, हृदयाचे काही नाही’ हे वाक्य दम लागणाऱ्या माणसाला ऐकवले जाते ते थांबले पाहिजे.

आपल्याकडची परिस्थिती पाहिली तर ज्ञान आणि व्यवहार यांत फार मोठे अंतर दिसते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १८ रुग्णालयांत २०१३ मध्ये भरती झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. सरासरी वय होते ६१, पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा कितीतरी कमी. पंपिंग कमी असलेल्यांपैकी घरी जाताना योग्य औषधांचा पूर्ण संच मिळाला तो चौघांतल्या एकालाच. २०१७ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय तुलनेत भारतातल्या रुग्णांपैकी २३ टक्के वर्षभरात दगावले, चीनमधले ७ टक्के. आपल्या जनुकांचाही काही वाटा आहे. हैदराबादच्या सीसीएमबीचे के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की मायोसिनला धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असणे हे भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळते आणि त्याने हृदयस्नायूच्या आजाराची जोखीम वाढते. तो दोष असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. आणि जनुके काहीही असोत, औषधे न मिळण्याचा दोष जनुकांवर ढकलता येत नाही.

पैशाची सबबही आता पूर्वीसारखी टिकत नाही. एनालाप्रिल, मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, स्पिरोनोलॅक्टोन केव्हाच पेटंटमुक्त झाली. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये संपले आणि जेनेरिक गोळ्यांचा बाजार भरला. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनचेही जेनेरिक २०२३ पासून मिळते. स्टेंटसाठी, बायपाससाठी घर कर्ज काढते आणि त्यानंतरच्या रोजच्या गोळ्यांत काटकसर करते, हे चित्र मला अस्वस्थ करते. अडथळा आणखी एक आहे आणि तो समजुतीचाच. बीटा-ब्लॉकर सुरू केल्यावर पहिले काही आठवडे थकवा जाणवतो, रक्तदाब ११० वरून १०० वर येतो, उठताना चक्कर येते. माणसाला वाटते, आधीच अशक्त, त्यात ही गोळी आणखी पाडते. म्हणून ही औषधे अगदी कमी मात्रेत सुरू करून दर दोन-एक आठवड्यांनी वाढवायची असतात, मधूनमधून पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचे असते. डोळ्यांपुढे अंधारी येणारा कमी दाब, दमा, फार मंद ठोके, बिघडलेली मूत्रपिंडे असतील तर डॉक्टर मात्रा बदलतील किंवा एखादे औषध टाळतीलही. पण तो निर्णय त्यांचा. सूज उतरवणारी ‘पाण्याची गोळी’ दोन दिवसांत बरे वाटायला लावते, म्हणून लोक तीच खरी मानतात. आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्यांचा परिणाम मात्र महिन्यांनी दिसतो. ‘स्ट्राँग-एचएफ’ या २०२२ च्या चाचणीत घरी गेल्यावर दोन आठवड्यांत मात्रा पूर्ण वाढवून वारंवार तपासणी केली, तर सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती यांचे प्रमाण २३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले.

तेव्हा घरात कोणाचे पंपिंग कमी झाले असेल तर पुढच्या तपासणीला जाताना चार गोष्टी विचारा: बीटा-ब्लॉकर चालू आहे का, एनालाप्रिल, रामिप्रिल किंवा सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन यांपैकी काही आहे का, स्पिरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन आहे का, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का. एखादे नसेल तर ते का नाही, हे समजून घ्या. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले तर ते अंगावर पाणी साठल्याचे लक्षण आहे, दम लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ मोजून पाहा. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नका, ती मीठ-पाणी धरून ठेवते. आणि बरे वाटू लागले तरी, किंबहुना बरे वाटू लागले की खास करून, गोळ्या स्वतःहून बंद करू नका.